सारखी दिसणारी फुलपाखरं पंखांवरच्या खुणांवरून कशी ओळखावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरू लागला की फुलपाखरांचे फोटो आणि "हे कोणतं?" हा प्रश्न दोन्ही एकदमच येऊ लागतात. गंमत म्हणजे प्रश्न शेकडो असले तरी घोळ होतो तो ठराविक जोड्यांमध्येच. त्या जोड्या इथे घेतल्या आहेत. सह्याद्रीच्या परिसरात ३०० हून अधिक जाती आहेत. त्या सगळ्यांचा हा तपशील नाही. महाराष्ट्र आणि गोव्यात बागेत, माळावर, घाटात सर्रास भेटणाऱ्यांपुरतीच ही उत्तरं आहेत. नावं रानात फिरणारी मंडळी बोलताना वापरतात तीच ठेवली आहेत. जिथे मराठी नाव चांगलं रुळलंय तिथे तेही दिलंय.

फुलपाखरू समोर बसलंय, केव्हाही उडेल. आधी नेमकं काय बघू?

रंग सोडून बाकी सगळं. रंग सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. तो उन्हात वेगळा, सावलीत वेगळा, जून झालेल्या फुलपाखरात फिका, आणि नकलाकार जातींमध्ये तर मुद्दाम दुसऱ्याचा उचललेला. खुणेची जागा मात्र सहसा बदलत नाही. ठिपका सेलच्या आत आहे की बाहेर, पट्टा कडेपर्यंत पोचतो की अलीकडेच थांबतो, ठिपक्यांची ओळ सरळ आहे की मधला एखादा ठिपका आत सरकलाय, हे बघा.

दुसरी गोष्ट, खालची बाजू बघा. आपण पंख उघडण्याची वाट बघत बसतो, पण ओळखायला लागणाऱ्या बऱ्याच खुणा मागच्या पंखाच्या खालच्या बाजूलाच असतात, आणि पंख मिटून बसलेलं फुलपाखरू ती आपणहून दाखवत असतं. तिसरी गोष्ट, धड. डोकं, छाती आणि पोट यांचा रंग लाल आहे, काळा आहे की काळ्यावर पांढरे ठिपके आहेत, यावरून निम्मे वाद तिथल्या तिथे मिटतात.

"सेल" म्हणजे काय? सगळे सारखं म्हणतात.

पंखाच्या मुळापासून निघून साधारण मध्यापर्यंत जाणारा, शिरांनी वेढलेला लांबट भाग म्हणजे सेल. प्रत्येक पंखाला एक. फोटो मोठा करून शिरांचा माग काढलात की लगेच सापडतो. पिवळ्या ग्रास यलोंपासून बारीक निळ्या ग्रास ब्लूंपर्यंत अनेक जाती सेलमध्ये ठिपका आहे का आणि असलेच तर किती, एवढ्यावर वेगळ्या होतात. बाकीचे शब्द सोपे आहेत. पुढचा पंख, मागचा पंख, वरची बाजू, खालची बाजू, टोक, बाहेरची कड. मागच्या पंखाचा पोटाकडचा खालचा कोपरा मात्र लक्षात ठेवा, निळ्या फुलपाखरांमध्ये तो फार कामाला येतो.

प्लेन टायगर आणि डनाइड एगफ्लायची मादी यांत फरक कसा करायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो यावा अशीच निसर्गाने व्यवस्था केली आहे. प्लेन टायगर, म्हणजे आपला बिबळ्या कडवा, अळी असताना रुईवर वाढतो आणि त्या चिकातली विषारी द्रव्यं अंगात साठवतो. पक्षी एकदा चाखतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. डनाइड एगफ्लायच्या मादीत असलं काही विष नाही. तिने फक्त त्याचा वेश घेतलाय. तोच नारिंगी-तांबूस रंग, तेच पुढच्या पंखाचं काळं टोक आणि त्यावर पांढरा पट्टा.

मागचा पंख बघा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध, सेलच्या कडेला काळे ठिपके असतात. मादीला तीन, नराला चार. नराचा तो चौथा ठिपका जाडसर आणि मध्ये पांढुरका दिसतो, ती त्याची गंधाची पिशवी. डनाइड एगफ्लायच्या मादीला पंखाच्या मध्यात असे ठिपके नसतात. तिला फक्त मागच्या पंखाच्या वरच्या कडेला, साधारण मध्यावर, एकच काळा डाग असतो, आणि पुढचा पंख वर आला तर तोही झाकला जातो. शिवाय तिच्या मागच्या पंखाच्या काळ्या किनारीत पांढऱ्या चंद्रकोरींची दुहेरी नक्षी असते. प्लेन टायगरच्या किनारीत साधे पांढरे ठिपके.

नक्कल किती बारकाईची आहे बघा. प्लेन टायगरचं एक रूप असं असतं की त्याच्या पुढच्या पंखाला काळं-पांढरं टोकच नसतं. दुसऱ्या रूपात मागचा पंख पांढरा असतो. एगफ्लायच्या माद्यांमध्ये या दोन्ही रूपांच्याही नकला आहेत. म्हणून टोकाच्या पट्ट्यावर विसंबू नका, मागच्या पंखाचे ठिपकेच मोजा.

आणखी एक खूण पंखांवर नाही, जमिनीवर आहे. अशी नारिंगी मादी घोळीच्या भाजीवर, जमिनीलगत घुटमळत अंडी घालत असेल तर ती एगफ्लाय. प्लेन टायगर घोळीवर अंडी घालत नाही, त्याला रुईच्या कुळातली झाडं लागतात. डनाइड एगफ्लायच्या नराबद्दल मात्र गोंधळ होत नाही. तो काळा कुळकुळीत, पंखांवर जांभळी-निळी झाक असलेले मोठे पांढरे गोल. नवरा-बायको एकाच जातीची आहेत हे कुणाला सांगूनही पटत नाही.

पट्टेरी वाघाशी, म्हणजे स्ट्राइप्ड टायगरशी प्लेन टायगरची गल्लत होते का?

उडताना होते, बसल्यावर होऊ नये. स्ट्राइप्ड टायगरच्या शिरा जाड काळ्या असतात. प्लेन टायगरचा नारिंगी भाग कोराच असतो.

बहुरूपीची मादी आणि कॉमन रोज, क्रिमझन रोज ही फुलपाखरं अगदी एकसारखी दिसतात. ओळखायचं कसं?

कॉमन मॉर्मन म्हणजे बहुरूपी, आणि हे नाव त्याने कमावलंय. नर एकाच रूपाचा. काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र तीन तऱ्हेच्या. एक तऱ्हा नरासारखीच. दुसरी कॉमन रोजची हुबेहूब नक्कल, मागच्या पंखावर मधोमध पांढरा ठसा आणि कडेला लाल खुणा. तिसरी क्रिमझन रोजची नक्कल, पुढच्या पंखावर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखावर लाल ठिपके.

इथे पंखांकडे कमी आणि धडाकडे जास्त बघा. दोन्ही रोज फुलपाखरांचं डोकं, छातीच्या बाजू आणि पोटाचं टोक लाल असतं. बहुरूपीची मादी वेश कोणताही घेवो, धड काळंच राहतं. फोटोत पोट पंखाआड गेलं असेल तर डोक्याच्या मागची बाजू मोठी करून बघा, तिथली लाली लपत नाही.

रोजची अळी ईश्वरीच्या कुळातल्या वेलींवर वाढते आणि त्यातलं विष साठवते. बहुरूपीची अळी तुमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर. म्हणून शहरात, आसपास ईश्वरीची वेल नसलेल्या गच्चीवर असं "रोज" दिसलं तर आधी बहुरूपीच्या मादीचीच शंका घ्यावी.

ही रूपं एकाच जातीत आणि तीही फक्त माद्यांतच कशी उतरतात, याचं उत्तर २०१४ मध्ये मिळालं. फुलपाखरांचे संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा सगळा खेळ "डबलसेक्स" नावाच्या एकाच जनुकाभोवती फिरतो. कीटकांमध्ये नर-मादी घडवण्याचं काम करणारा हा जनुक इथे पंखांच्या नक्षीचीही कळ होऊन बसलाय.

सगळी काळी-तपकिरी फुलपाखरं म्हणजे कॉमन क्रोच का?

नाही, पण तसं वाटावं म्हणून बरीच जण झटत असतात. खऱ्या कॉमन क्रोची खूण म्हणजे गडद तपकिरी पंखांच्या बाहेरच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी. आतल्या ओळीतले ठिपके मोठे. छाती आणि डोकं काळं, त्यावर टाचणीने टोचल्यासारखे पांढरे ठिपके.

नकलाकार दोन तऱ्हेचे आहेत. ग्रेट एगफ्लायच्या मादीच्या कडेला नुसत्या गोल ठिपक्यांऐवजी चंद्रकोरीसारख्या पांढऱ्या खुणा जास्त भरतात आणि पंखाची कड नागमोडी असते. दुसरा कॉमन माइम. हे स्वॅलोटेलच्या कुळातलं फुलपाखरू आहे. त्याच्या मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला कडेने पिवळे ठिपके असतात, ते क्रोला कधीच नसतात. पाय मोजणं ही आणखी सोपी युक्ती. क्रो आणि टायगर चार पायांवर उभे राहतात, कारण पुढची जोडी आखूड होऊन छातीला चिकटलेली असते. माइम सहा पायांवर उभा राहतो. फोटो बाजूने काढला असेल तर हे पाय मोजून प्रकरण निकालात निघतं.

खऱ्या क्रोंमध्येही दोन जाती हमखास एकत्र दिसतात, कॉमन क्रो आणि डबल-ब्रँडेड क्रो. नराच्या पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला, सेलच्या खाली, गंधखवल्यांची आखूड काळपट रेघ असते. कॉमनला एक, डबल-ब्रँडेडला दोन. मादीला या रेघा नसतात, त्यामुळे मिटल्या पंखांच्या मादीवरून छातीठोक नाव देणाऱ्यांच्या वाटेला मी जात नाही.

ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर आणि ग्लासी टायगर?

तिघं खुळखुळ्याच्या किंवा भुरुंडीच्या सुकलेल्या झुडपावर एकत्र लटकलेले असतात, तेव्हाच तुलना करायला उत्तम वेळ. हे बहुतेक नर असतात, मादीला रिझवण्यासाठी लागणाऱ्या गंधाचा कच्चा माल त्यांना त्या झुडपांतून मिळतो.

ब्लू टायगरच्या फिकट निळ्या रेघा आणि ठिपके रुंद असतात, लांबून फुलपाखरू फिकट दिसतं. डार्क ब्लूच्या रेघा अरुंद, आणि काळा भाग जास्त. ग्लासी टायगरमध्ये निळेपणा जवळजवळ नसतोच, खुणा करड्या-पांढऱ्या आणि अर्धपारदर्शक. दोन्ही निळ्या टायगरांच्या नराला मागच्या पंखाखाली फुगीर पिशवी दिसते. कॉमन माइमचं एक रूप ब्लू टायगरचीही नक्कल करतं. तिथे पुन्हा तेच, मागच्या पंखाखालचे पिवळे ठिपके आणि सहा पाय.

पिवळी छोटी फुलपाखरं. सगळी ग्रास यलोच ना? की आणखी भेद आहेत?

आहेत, आणि अनेक जण इथेच हात टेकतात. पंख मिटून बसलेल्या ग्रास यलोच्या पुढच्या पंखाची खालची बाजू बघा आणि सेलमधल्या बारीक तपकिरी खुणा मोजा. थ्री-स्पॉटला तीन, कॉमनला दोन, वन-स्पॉटला एक. स्पॉटलेस आणि स्मॉल या दोघांच्या सेलमध्ये काहीच नाही.

आता यातली मेख. सेल जिथे संपतो, त्या शेवटावर सगळ्यांनाच एक मूत्रपिंडाच्या आकाराची खूण असते. ती मोजायची नाही. नवशिके ती धरून मोजतात आणि प्रत्येक कॉमन ग्रास यलोचं थ्री-स्पॉट होऊन बसतं. दुसरी मेख अशी की पुढचा पंख बसल्यावर मागच्या पंखाआड थोडा आत ओढला जातो. सेलचा मुळाकडचा भाग दिसतच नसेल तर मोजणीला अर्थ नाही. कॉमन ग्रास यलोत हे ठिपके कधीकधी इतके फिके असतात की फोटोत उमटतच नाहीत.

मग बाकीच्या खुणा धराव्यात. कॉमन ग्रास यलोच्या पुढच्या पंखाची वरची काळी किनार आतून खोल खाचलेली असते. स्मॉलची किनार आतून सलग वळणाची, खाच नाही. स्पॉटलेसच्या पुढच्या पंखाचं टोक कापल्यासारखं कोनदार, आणि उन्हाळी रूपात मागच्या पंखाखाली दोन तिरप्या तांबूस रेघा. थ्री-स्पॉटच्या अळ्या घोळक्याने वाढतात. म्हणून एकाच फांदीवर ग्रास यलोचे बरेच कोष ओळीने लटकलेले सापडले तर ते बहुधा थ्री-स्पॉटचे.

एवढं करूनही काही फोटो "ग्रास यलो, जात अनिश्चित" असेच राहतात. त्यात कमीपणा काही नाही.

एमिग्रंट दोन आहेत म्हणतात, पण मला तर पाच-सहा तऱ्हेचे दिसतात.

तुमचं बरोबर आहे. कॉमन एमिग्रंटची एकट्याचीच अनेक रूपं आहेत. एकात खालच्या बाजूला लाल कडी असलेले चंदेरी ठिपके, एकात काही म्हणजे काहीच नाही, एका मादी-रूपात मोठे जांभळट-तपकिरी डाग. हे सगळे एकाच जातीचे. बिनठिपक्याच्या रूपाच्या मिशा काळ्या आणि ठिपकेवाल्याच्या गुलाबीसर, हा एक मजेशीर धागा.

मॉटल्ड एमिग्रंट वेगळा काढायचा तर ठिपके विसरा आणि खालच्या बाजूचा पोत बघा. अख्ख्या पंखावर बारीक, तुटक तपकिरी रेघांची शिंपडण दिसते. कॉमनची खालची बाजू त्या मानाने साफ. ओल्या वाळूवर खनिजं शोषत दाटीने बसलेल्या थव्यात दोन्ही असू शकतात, त्यामुळे एकाचा फोटो काढून अख्ख्या थव्याचं बारसं करू नका.

हळदीकुंकूसारखंच दिसणारं दुसरं फुलपाखरू आहे का?

आहे, पेंटेड सॉटूथ. ते सह्याद्रीच्या दक्षिण भागातलं, दाट जंगलांचं फुलपाखरू. त्यामुळे मुंबई-पुण्यात पिंपळाभोवती किंवा बांडगुळाभोवती घिरट्या घालणारं कॉमन जेझेबेल, म्हणजे हळदीकुंकूच धरून चालावं. दक्षिणेकडे फिरायला गेलात तर मागच्या पंखाखालचे लाल ठिपके बघा. हळदीकुंकूचे ठिपके बाणाच्या टोकासारखे निमुळते असतात आणि आतल्या काळ्या कमानीपासून पांढऱ्या फटीने वेगळे राहतात. सॉटूथचे चौकोनी, थेट काळ्या कमानीला भिडलेले. सॉटूथ उडतंही वेगात. हळदीकुंकूला कसली घाई म्हणून नसते.

पांढऱ्यांमध्येच कॉमन गल आणि पायोनियर हीही जोडी अडवते. पायोनियरच्या पुढच्या पंखात सेलच्या शेवटी वरच्या कडेला जोडलेली जाड काळी पट्टी असते. गलला ती नाही.

बारीक निळी फुलपाखरं. यांच्यात काही हाती लागतं का?

लागतं, पण गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून. वरचा निळा रंग इथे फारसा उपयोगाचा नाही, सगळा हिशेब खालच्या बाजूचा.

लॉनवर, पायवाटेच्या कडेला दिसणारे ग्रास ब्लू घ्या. पुढच्या पंखाखाली सेलमध्ये ठिपका असेल तर पेल किंवा डार्क ग्रास ब्लू. नसेल तर लेसर किंवा टायनी. पुढे लेसरची खूण अशी की मागच्या पंखाखालच्या ठिपक्यांच्या वक्र ओळीत वरून दुसरा ठिपका आत सरकलेला असतो. टायनी नावाप्रमाणे सगळ्यात लहान, आणि त्याच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेलाही ठिपका असतो. पेल आणि डार्कमध्ये पेल मोठा, नराची वरची बाजू फिकट चंदेरी-निळी. डार्क लहान आणि गडद.

शेपटीवाले निळे तीन. मागच्या पंखाचा तो खालचा कोपरा आठवा. ग्राम ब्लूला तिथे दोन ठळक काळे डोळे असतात, फॉरगेट-मी-नॉटला एकच. फॉरगेट-मी-नॉटच्या पुढच्या पंखाखाली वरच्या कडेजवळ एक सुटा बारीक ठिपकाही असतो. पीब्लूला डोळे दोन असतात, पण त्याच्या मागच्या पंखाखाली कडेच्या आतून रुंद पांढरा पट्टा जातो, तो या दोघांना नाही. तुरीच्या, वालाच्या शेंगांजवळ दिसलेलं निळं फुलपाखरू बहुतेक वेळा पीब्लू निघतं.

पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठिपके होते, आता मार्चमध्ये नाहीत. जात वेगळी का?

बहुधा नाही. बुशब्राउन, रिंग, इव्हिनिंग ब्राउन, पीकॉक पॅन्सी अशा अनेक फुलपाखरांची दोन ऋतुरूपं असतात. पावसाळी रूपात खालच्या बाजूला ठसठशीत डोळे, उन्हाळी रूपात ते पुसट होऊन जातात आणि पंख वाळक्या पानासारखा दिसतो. अळी वाढते त्या काळातलं हवामान हे ठरवतं. पावसाळ्यात हिरवळीवर हालचाल करणाऱ्या फुलपाखराला पक्ष्याची चोच धडापासून दूर, पंखाच्या कडेवर ओढून घेणारे डोळे कामाचे. कोरड्या दिवसांत पाचोळ्यात निपचित बसणाऱ्याला तेच डोळे घातक. पीकॉक पॅन्सीचं उन्हाळी रूप तर पंखाला कोन काढून, मधोमध शीर रंगवून थेट पानच होतं.

यामुळे डोळे मोजून ओळखायच्या जाती शक्यतो पावसाळी रूपातच पक्क्या कराव्यात. कॉमन बुशब्राउन आणि डार्क-ब्रँडेड बुशब्राउन ही त्यातली कुप्रसिद्ध जोडी. मागच्या पंखाखालचे शेवटचे चार डोळे सरळ ओळीत आले तर डार्क-ब्रँडेड, एखादा ओळ सोडून सरकलेला असेल तर कॉमन. फूटपट्टी लावूनच बघा, नुसत्या नजरेला सरळच वाटतं. फोररिंगच्या मागच्या पंखाखाली वर एक आणि खाली तीन असे डोळे असतात. पण एप्रिलमधल्या फोररिंगमध्ये ते टिंबाएवढे उरतात, तेव्हा मोजणी जपून.

कॉमन कॅस्टर आणि अँगल्ड कॅस्टर?

दोघंही एरंडापाशी सापडतात, दोघांच्याही पुढच्या पंखाच्या टोकाजवळ पांढरा ठिपका. वरच्या नागमोडी रेघा जोडीजोडीने असतील तर कॉमन, एकेरी आणि ठळक असतील तर अँगल्ड. अँगल्डची कडही जास्त कोनदार.

पंख फाटलेला, रंग उडालेला असेल तर?

फुलपाखराचा रंग म्हणजे खवले, ते गळतात आणि नवे येत नाहीत. नक्षी पुसली गेली तरी शिरा राहतात, सेल राहतो, पंखाचा आकार बऱ्यापैकी राहतो आणि धडाचा रंग राहतो. त्यावरून जमेल तेवढं सांगावं. दोन्ही मागच्या पंखांचे कोपरे नेमके सारखे तुटलेले असतील तर पक्ष्याने किंवा सरड्याने तिथे चावा घेऊन बघितलाय असं समजा. शेपटीवाल्या निळ्यांमध्ये असा तुटका कोपरा फार दिसतो, आणि नेमकी ओळखायची खूणही त्याच्याबरोबर गेलेली असते.

ओळख पटण्यासाठी फोटो कसा काढावा?

पहिला फोटो जिथे उभे आहात तिथूनच, जसा येईल तसा. सुंदर फोटोच्या नादात पुढे सरकलात आणि ते उडालं तर हाती काहीच उरत नाही. मग हळूहळू जवळ जा, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. मोबाइल किंवा कॅमेरा पंखाला समांतर धरा. तिरका धरलात तर निम्मा पंख धूसर येतो आणि सरळ ओळ वाकडी दिसते. खालची बाजू मिळाली की वरच्यासाठी थांबा. सकाळच्या कोवळ्या उन्हात बरीच निळी फुलपाखरं अंग तापवायला पंख अर्धे उघडतात. कोणत्या झाडावर बसलं होतं, तेही एका फोटोत घ्या. बसायला आलं होतं की अंडी घालायला, हा तपशील कधीकधी पंखापेक्षा जास्त सांगतो.

मागची पार्श्वभूमी मस्त धूसर, पाकळीवर दव, आणि फुलपाखराचा मागचा पंख मात्र फ्रेमबाहेर, असे फोटो भिंतीवर लावावेत. ओळखायला पाठवू नयेत.

गूगल लेन्स किंवा आयनॅचरलिस्टने सांगितलेलं नाव बरोबर धरायचं का?

सुरुवातीला दिशा मिळायला ठीक. अशी साधनं एकंदर दिसण्यावरून अंदाज बांधतात, आणि नकलाकार जाती नेमक्या एकंदर दिसण्यातच फसवतात. टायगर की एगफ्लाय, दोन ठिपके की तीन, इथे त्यांचा अंदाज हमखास डगमगतो. नाव मिळालं की त्या जातीची ठरलेली खूण आपल्या फोटोत दिसते का, ते स्वतः तपासा. आयनॅचरलिस्टचा खरा फायदा त्यावरच्या माणसांचा आहे. जागा आणि तारखेसकट नोंद टाकली तर जाणकार ती बघून दुरुस्त करतात. खात्री करून घ्यायला "बटरफ्लाइज ऑफ इंडिया" हे संकेतस्थळ चांगलं आहे, तिथे एकाच जातीची नर, मादी, ऋतुरूपं असे तपासलेले फोटो शेजारी शेजारी बघता येतात.

एकाच अ‍ॅपने सांगितलेलं नाव चार जणांनी पुढे ढकललं म्हणजे चार जणांची खात्री झाली असं होत नाही. हे सांगायची वेळ दर पावसाळ्यात येते.

सराव करायला कुठे जावं?

शहरात राहत असाल तर आधी घराजवळचं कढीपत्ता, लिंबू, रुई आणि घाणेरी असलेलं कोणतंही आवार. मुंबई-ठाण्याकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि घोडबंदर रोडवरची ओवळेकर वाडी. लांब जायचं तर ताम्हिणी, आंबोली. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ सोन्यासारखा, झाडं हिरवी असतात आणि ऊनही मिळतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, या दिवसांत गावठाणातल्या बागांतही येतं. २०१५ मध्ये त्याला हा मान मिळाला. राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलंच राज्य.

हे पतंग तर नाही?

मिशांची टोकं बघा. टोकाला गाठ असेल तर फुलपाखरू, केसांसारख्या किंवा पिसांसारख्या असतील तर पतंग. दिवसा उडतं म्हणून फुलपाखरू, हा नियम नाही. सह्याद्रीत दिवसा उडणारा निळा-जांभळा ब्लू टायगर मॉथ फुलपाखरू म्हणून नेहमीच दाखवला जातो.

जाळीने पकडून नीट बघितलं तर चालेल का?

नको. काही जाती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि कोणती संरक्षित आहे हे कळण्यासाठी आधी ओळखता यायला हवं. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात तर प्रश्नच नाही. चिमटीत धरलं की खवले बोटाला लागतात, म्हणजे ज्या खुणा बघायच्या त्याच पुसल्या जातात.

स्किपरबद्दल काहीच लिहिलं नाही!

मुद्दाम. स्किपर म्हणजे झपझप उडणारी, जाड धडाची छोटी फुलपाखरं. त्यांच्यातलेच भाताच्या बांधावर दिसणारे तपकिरी स्विफ्ट एकमेकांपासून वेगळे करायला पुढच्या पंखावरचे अर्धपारदर्शक ठिपके, सेलमध्ये ठिपका आहे का, आणि नराच्या पुढच्या पंखावर गंधरेघ आहे का हे बघावं लागतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर अभ्यासक शेवटी जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ते काम मोबाइलच्या फोटोवर होणारं नाही. टोक ठळक पांढरं असलेले, पिवळे पट्टे असलेले, बसताना मागचे पंख आडवे पसरणारे असे काही स्किपर सहज ओळखता येतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. साध्या तपकिरी स्विफ्टच्या फोटोखाली "स्विफ्ट, जात अनिश्चित", तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा आणि पुढच्या फुलपाखराकडे वळा.